जुनी गाडी किंचाळते, जळका वास येतो: बेल्ट बदलण्याआधी काय तपासावं

मे महिन्यात नागपुरातल्या जुन्या गाड्या बोलायला लागतात. सकाळी चावी फिरवली की बोनेटखालून चींऽऽ असा लांब सूर निघतो, सिग्नलला एसी लावला की पुन्हा तोच, आणि वर्धा रोडवर जरा दामटली की रबर जळल्याचा वास. मिस्त्रीचं पहिलं वाक्य ठरलेलं: "बेल्ट गेला भाऊ, बदलून टाकू." बेल्ट बदलला की गाडी आठ-पंधरा दिवस गप्पही बसते. मग पुन्हा चीं. याचं कारण असं की बेल्ट बहुतेक वेळा मार खाणारा असतो. मारणारा दुसराच कुणी असतो. जाम होत आलेली पुली (बेल्ट ज्यावरून फिरतो ते चाक), ढिला टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग), वरून ठिबकणारं ऑइल. तो हुडकायला महागडं यंत्र लागत नाही. कान, नाक, टॉर्च, पाण्याची फवाऱ्याची बाटली आणि थोडी सवड असली की भागतं.

आपण बोलतोय तो बाहेरून दिसणारा बेल्ट, ज्याला सगळे फॅन बेल्ट म्हणतात. इंजिनच्या खालच्या मोठ्या पुलीवरून तो बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो, आणि गाडीप्रमाणे इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगचा पंप. मारुती ८०० च्या पिढीतल्या गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर पंपाला एक व्ही-बेल्ट (खाली निमुळता होत जाणारा जाड बेल्ट), एसीला वेगळा. नंतरच्या गाड्यांत आतून उभे कंगोरे असलेला चपटा बेल्ट आला. कव्हरच्या आत दडलेला टायमिंग बेल्ट हे वेगळं प्रकरण आहे. त्याला घरी हात लावू नका. तो ठरलेल्या किलोमीटरला बदलायचाच असतो.

सुरुवात करण्याआधी

गाडी सावलीत, सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. उन्हाळ्यात आपण डोक्याला दुपट्टा बांधून फिरतो, तो आधी काढून गाडीत ठेवा. गळ्यातलं, हातातलं कडं, अंगठी, लोंबणारी बाही, सगळंच. चालू इंजिनवर वाकल्यावर दुपट्ट्याचं टोक पुलीत जायला क्षण लागत नाही. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून पात्यांजवळ बोटं नेऊ नका. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर यातलं काहीच करू नका, गाडी सुरूसुद्धा करू नका.

आवाज कधी येतो, ते आधी लिहून ठेवा

निम्मं निदान इथेच होतं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. मिस्त्रीसमोर गेल्यावर गाडी गुणी मुलीसारखी गप्प बसते, म्हणून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा.

फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला, आणि थोड्या वेळात बंद: स्टार्टरने बॅटरीतून बराच करंट खाल्लेला असतो, तो भरून काढायला अल्टरनेटर जोर लावतो आणि ढिला बेल्ट त्याच्या पुलीवर घसरतो. पावसाळ्यात दमट सकाळी एखाद्या क्षणाचा आवाज आला तर मनावर घेऊ नका. रोज येत असेल तर ताण कमी आहे किंवा बेल्ट झिजलाय. बॅटरी म्हातारी झाली असेल तरीही हेच होतं, म्हणून सोबत बॅटरीही तपासून घ्या.

एसी लावला की: कॉम्प्रेसरचा भार. बाहेरची हवा जितकी तापलेली तितका एसीतल्या गॅसचा दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर फिरवायला जड जातो. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेवढं नको, नवतपातलं (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांतलं) नेहमीचं ऊनही पुरतं. जानेवारीत कसाबसा टिकणारा बेल्ट मे महिन्यात घसरतो तो यामुळे. कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढच्या एसीच्या) जाळीत माती आणि कचरा भरला असेल तर दाब आणखी वाढतो. तेव्हा जाळी धुवून घेणं हा बेल्टच्या तक्रारीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आधी तोच करा.

स्टिअरिंग पूर्ण वळवलं की: पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर भार येतो. तेलाची पातळी बघा, मग ताण.

रेस दिल्यावर वाढत जाणारी, पण कधीच न थांबणारी घरघर: हा बेल्टचा आवाज नाहीच, हे बेअरिंग. दोन-तीन उन्हाळे काढलेल्या कूलरची मोटर कशी खरखरते ते ज्याला ठाऊक आहे, त्याला हा आवाज वेगळा शिकवावा लागत नाही.

इंजिन बंद करून, थंड असताना, टॉर्च घेऊन

बेल्ट जिथे सहज दिसतो तिथे चिमटीत धरून थोडा पिळा आणि आतली बाजू बघा. जुन्या रबराच्या बेल्टला आडव्या भेगा पडतात, तुकडे निघतात. हल्लीच्या ईपीडीएम रबराचे बेल्ट मात्र फसवतात: भेग एकही नसते, पण कंगोऱ्यांमधले चर झिजून रुंद झालेले असतात आणि पकड गेलेली असते. म्हणून "भेगा नाहीत, म्हणजे चांगला आहे" असं समजू नका.

व्ही-बेल्टच्या दोन्ही बाजू चकचकीत, कडक झाल्या असतील तर तो घसरून भाजलाय. तो पुलीच्या काठाच्या जवळपास बसायला हवा. खोल गेला असेल आणि पुलीचा तळ घासून चमकत असेल, तर कितीही ताणा, आवाज जाणार नाही.

कडेचे धागे एकाच बाजूने निघालेत? मग पुल्या एका रेषेत नाहीत. जुन्या गाडीत कधीतरी अल्टरनेटर बदललेला असतो आणि ब्रॅकेटमधला एखादा वायसर परत लागलेलाच नसतो. दोन पुल्यांच्या तोंडावर स्टीलची पट्टी टेकवा. फट दिसली तर गुन्हेगार तोच.

ताण बघायला दोन पुल्यांमधला सगळ्यात लांब भाग अंगठ्याने जोरात दाबा. व्ही-बेल्ट साधारण सेंटिमीटरभर दबावा. अचूक आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो, तो खरा. फार दबला तर घसरणार. अजिबात दबला नाही तर अल्टरनेटर आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर दिवसरात्र ओढ बसणार. "कसून टाक" म्हणणारे गिऱ्हाईक पुढे पंपाचे पैसे भरतात. स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर त्याचा दांडा इंजिन चालू असताना दुरूनच बघा. थोडासा हलणं ठीक, थडथड उडत असेल तर टेन्शनर संपलाय.

बेल्टवर ओलसर काळी चिकट माती असेल तर ऑइल, हिरवट-गुलाबी डाग असेल तर कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी. आधी गळती बंद करायची, मग बेल्ट. उलटं केलं तर नवा बेल्टही लवकरच वाया जाईल.

पाण्याची परीक्षा

आवाज येत असताना, इंजिन चालू ठेवून, हातभर अंतरावरून बेल्टच्या आतल्या बाजूवर साध्या पाण्याचा हलका फवारा मारा. अल्टरनेटरवर नको. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी किंवा बेल्ट झिजलेला. आवाज लगेच बंद होऊन थोड्या वेळात परत चिवचिवायला लागला तर पुल्यांची रेष चुकली आहे. काहीच फरक नाही पडला? मग बेअरिंगकडे वळा.

इथे साबणाची वडी, मेण किंवा बाटलीतला बेल्ट स्प्रे लावायचा मोह होतो. आवाज जातो हे खरं. पण त्या चिकटपणावर आपल्याकडची धूळ बसते आणि कंगोरे आणखी झिजतात. वर आजाराचं लक्षणच झाकलं जातं. जुनी गाडी विकायला काढणारेही हे करतात, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवावं.

बेल्ट काढून बघणं

पान्याचं काम येत असेल तरच, नाहीतर मिस्त्रीकडून समोर उभं राहून करवून घ्या. आधी बेल्ट कुठून कसा फिरतो त्याचा फोटो काढा. थंड इंजिन बेल्टशिवाय सुरू करा आणि अर्ध्या मिनिटात बंद करा, कारण वॉटर पंप फिरत नसू शकतो. बॅटरीचा लाल दिवा लागेल, ते साहजिक आहे. आवाज गेला तर दोष बेल्टच्या रस्त्यातच आहे. आता इंजिन बंद ठेवून एकेक पुली हाताने फिरवा आणि हलवून बघा. खरखर, अडकणं, डुगडुग, यातलं काहीही चांगल्या बेअरिंगला शोभत नाही. वॉटर पंपाच्या खाली कुलंट वाळल्याचा पांढरट ओघळ असेल तर पंप जाण्याच्या वाटेवर आहे.

गाडी सेकंडहँड असेल तर एक जास्तीची गोष्ट बघा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीच्या बेअरिंगमधलं ग्रीस पाणी-गाळाने खराब होतं आणि घरघर पुष्कळ नंतर सुरू होते. पुल्यांच्या मागे, ब्रॅकेटच्या खाचांत वाळलेला बारीक गाळ दिसला तर किंमत तिथेच थांबवा.

वास कुठला आहे

रबराचा वास आणि किंचाळणं एकत्र: बेल्ट घसरतोय किंवा एखादी पुली जाम झालीय. एसी बंद केल्याबरोबर दोन्ही थांबलं तर कॉम्प्रेसर जाम होतोय. एसी न लावता मिस्त्रीपर्यंत पोचता येतं. एसी बंद करूनही चालूच राहिलं तर त्याच जागी थांबा.

ऑइल जळल्याचा वास बहुधा गाडी थांबवल्यावर जास्त येतो. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं) गॅस्केट गळून ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं. गोडसर वास कुलंटचा. कागद जळाल्यासारखा वास, तोही सीताबर्डीच्या ट्रॅफिक जाममध्ये अर्ध्या क्लचवर गाडी रेटल्यावर, क्लच प्लेटचा. रामटेकच्या गडावरून उतरल्यावर येणारा झोंबरा वास ब्रेकचा. सपाट रस्त्यावरही आला तर चाकांजवळ नुसता हात नेऊन बघा, एकच चाक तापलं असेल तर ब्रेक अडकलाय, मागची दोन्ही तापली असतील तर हँडब्रेक ओढलेलाच राहिलाय. प्लॅस्टिकची पिशवी सायलेन्सरला चिकटून जळते, तिच्यापायी बेल्ट बदलणारेही आहेत.

वायर जळल्याचा उग्र वास मात्र वेगळा. तिथे तपासणी वगैरे काही नाही. कडेला घ्या, इंजिन बंद, सगळे खाली उतरा, धूर नसेल तरच बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवा. बोनेटमधून धूर येत असेल तर बोनेट उघडू नका, हवा मिळाली की भडका होतो. उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग हे उभ्या राहणाऱ्या गाड्यांत नेहमीचं कारण आहे.

मिस्त्रीकडे

"आवाज येतो" एवढंच सांगू नका. "एसी लावल्यावरच येतो, पाणी मारलं तर वाढतो, अल्टरनेटरची पुली हाताने खरखरते" असं सांगा; अर्धा अंदाजपंचे खर्च तिथेच वाचतो. मल्टिमीटर लावून घ्या: बंद गाडीत भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.५ दाखवते. चालू असताना १३ च्या खाली असेल तर बेल्ट घसरतोय किंवा अल्टरनेटरच कमी पडतोय.

बेल्ट घेताना जुन्याच्या पाठीवरचा नंबर जुळवा. ४पीके, ६पीके यातला पहिला आकडा कंगोऱ्यांचा, पीकेनंतरचा मिलिमीटरमधल्या लांबीचा. "हाही बसतो" म्हणून पाच-दहा मिलिमीटर लांब दिलेला बेल्ट बसतो, पण ताणायला जागाच उरत नाही. टेन्शनर आणि आयडलरची (बेल्टला नुसती वाट देणाऱ्या पुलीची) बेअरिंग संशयास्पद असेल तर ती बेल्टसोबतच बदला, मजुरी एकदाच पडते. नवा व्ही-बेल्ट सुरुवातीला सैलावतो, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर तो पुन्हा ताणून द्यायचं बिल देतानाच बोलून ठेवा.