थोडं ऐकू येतं, तरी आपल्यातलेच: इंदूरच्या कर्णबधिर मंडळींत वावरायचं कसं

ज्याला अजिबात ऐकू येत नाही, त्याचं ऐकू न येणं घरचे निदान मान्य तरी करतात. अर्धवट ऐकू येणाऱ्याचं तसं नसतं. रामबागेतल्या घरी तो ‘लक्ष देत नाही’, दुकानात ‘हो हो म्हणतो आणि भलतंच आणतो’. मग कधीतरी कर्णबधिरांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला, तर तिथे पहिली खूण होते ती ‘हा तर बोलतो’ अशी. पुढचं सगळं अशा माणसासाठी आहे: कानाला मशीन आहे, शिक्षण साध्या शाळेत झालं, साइन, म्हणजे हातांच्या खुणांची भाषा, कधी शिकायलाच मिळाली नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या मंडळींत जागा मिळते ती किती कमी ऐकू येतं हे सिद्ध करून नाही. तुमचे हात किती चालतात आणि तुमची नजर समोरच्यावर किती टिकते, यावर ती मिळते. दोन्ही गोष्टी शिकता येतात.

आधी स्वतःचा रिपोर्ट वाचा

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, फाइलमध्ये पडून असेल, तो काढा. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. डावीकडून उजवीकडे आवाज बारीक होत जातो, वरून खाली मोठा होत जातो. बऱ्याच जणांची रेघ उजवीकडे खाली उतरलेली असते. स्वर डाव्या बाजूच्या जाड आवाजात असतात आणि स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं उजव्या बाजूच्या बारीक आवाजात. म्हणून ‘आवाज येतो, शब्द कळत नाहीत’ अशी गत होते. मशीन आवाज वाढवतं, पण गोंगाटातून शब्द वेगळा काढून देणं त्याला फारसं जमत नाही. बोलणारा दोन हातांवर असला तर ठीक, खोलीच्या पलीकडे गेला की संपलं.

ओठ वाचून ही तूट भरून काढायची सवय तुम्हाला लहानपणापासून असेल. तिची मर्यादाही ओळखा. आरशासमोर आवाज न करता ‘मामा’, ‘बाबा’, ‘पापा’ म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. ‘पान’, ‘बाण’, ‘मान’ यांचंही तेच. क, ख, ग, ह तर घशातच राहतात, ओठांवर येतच नाहीत. इंदूरच्या मराठी घरात आणखी एक अडचण असते. वाक्य मराठीत सुरू होतं आणि हिंदीत संपतं. ओठ वाचणारा पुढच्या शब्दाचा अंदाज भाषेवरून बांधतो, आणि भाषाच मध्ये बदलली की अंदाज कोसळतो. संध्याकाळी डोकं जड होतं ते दिवसभराच्या या अंदाजांमुळे. तुम्ही कमकुवत आहात म्हणून नव्हे.

दिव्यांग प्रमाणपत्राचं काय

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल तूट असलेल्याला ऐकण्यात कमी असलेला आणि ७० डेसिबल किंवा जास्त तूट असलेल्याला बधिर धरलं आहे. सरकारी नोकरीतल्या आरक्षणासारखे लाभ ४० टक्के दिव्यांगत्वापासून पुढे मिळतात. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असेल, तर हिशेब असा होतो: चांगल्या कानाच्या टक्क्यांना ५ ने गुणायचं, वाईट कानाचे टक्के मिळवायचे, बेरजेला ६ ने भागायचं. शून्य अधिक १००, भागिले ६, म्हणजे जेमतेम १७ टक्के. हे आधी माहीत असलं की मेडिकल बोर्डासमोर धक्का बसत नाही.

अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करा. तपासणीच्या आधी कानातला मळ डॉक्टरांकडून काढून घ्या. मळ किंवा सर्दी असेल तर आकडा खोटा येतो आणि पुन्हा फेरी पडते. आदल्या दिवशी डीजेच्या वरातीत जाऊ नका. शहरात चौकशीसाठी परदेशीपुऱ्याचा सामाजिक न्याय परिसर आहे.

तूट ५० डेसिबल असेल तर दिव्यांग कार्डावर काही फार मिळणार नाही. पण कर्णबधिरांच्या बैठकीत कुणी कार्ड मागत नाही, म्हणून आकडा कमी आला तरी पुढचं वाचणं थांबवू नका.

साइन शिकायची कशी

पहिली चूक बहुतेक जण इथेच करतात. नेटवर पहिला दिसेल तो अक्षरांचा तक्ता उतरवून घेतात. तो एका हाताचा असेल तर अमेरिकन आहे. आपल्याकडची इंग्रजी अक्षरं मुख्यतः दोन हातांनी दाखवतात. अमेरिकन अक्षरं पाठ करून गेलात तर स्वतःचं नावसुद्धा सांगता येणार नाही.

दिल्लीची भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण संस्था २०१५ मध्ये सुरू झाली. तिचा १०,००० शब्दांचा व्हिडिओ कोश २०२१ मध्ये आला. यूट्यूबवर तो फुकट पाहता येतो, साइन लर्न नावाचं ॲपही आहे. रोज अर्धा तास द्या. पहिले दोन आठवडे फक्त अक्षरं, १ ते १०० आकडे आणि चार खुणा: ‘पुन्हा’, ‘हळू’, ‘कळलं नाही’, ‘ही खूण काय?’. या चार खुणा हाताशी असतील तर बाकीचं माणसंच शिकवतात. मग रोज सहा-सात शब्द, त्याहून जास्त नकोत: नाती, वार, जागा, कामधंदा, खाणं. मोबाइल समोर ठेवून स्वतःचं चित्रीकरण करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. तुमचीच खूण तुम्हाला वाचता आली नाही, तर ती दुसऱ्यालाही येणार नाही.

व्याकरण मराठी माणसाला तसं सोपं जातं, कारण क्रियापद शेवटाकडे असतं. फरक दोन ठिकाणी आहे. प्रश्नाचा शब्द शेवटी जातो: ‘तुम्ही कुठे राहता?’ हे ‘तुम्ही राहणं कुठे’ असं होतं. नकारही शेवटी येतो आणि वेळ सगळ्यात आधी: ‘उद्या मी येणं नाही’. शिवाय चेहरा हा व्याकरणाचाच भाग आहे. हो-नाहीच्या प्रश्नात भुवया वर जातात, नकारात मान हलते. साध्या शाळेत शिकलेली माणसं चेहरा कोरा ठेवतात आणि हात मात्र बरोबर हलवतात. मग विचारलेला प्रश्न समोरच्याला विधान वाटतो. लाज वाटली तरी भुवया उचला.

कोशातली खूण आणि इंदूरच्या माणसाची खूण वेगळी निघाली, तर समोरच्याची धरा. तोंडाची हालचाल इथे बहुधा हिंदी शब्दाची असते, मराठीची नाही. तीन महिन्यांत साध्या गप्पा जमतात. स्वतः खुणा करणं आधी येतं, दुसऱ्याच्या भरभर चाललेल्या खुणा वाचणं नंतर. त्यामुळे ‘मला बोलता येतं पण कळत नाही’ ही अवस्था येणारच. तिथे सोडून देऊ नका.

पहिल्यांदा जाताना

माणसं भेटतील कुठे? कर्णबधिर शाळेचे शिक्षक, दुभाषे, ऑडिओलॉजिस्ट यांना विचारा. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा जगभर कर्णबधिर सप्ताह म्हणून आणि २३ सप्टेंबर सांकेतिक भाषांचा दिवस म्हणून पाळतात. तेव्हाचे कार्यक्रम नवख्याला सोयीचे असतात.

ओळख थोडक्यात आणि खरी द्या: नाव अक्षरांनी, मग ‘कमी ऐकू येतं, मशीन लावतो, साइन शिकतोय’. पुढे लगेच प्रश्न येतील: शाळा कुठली, घरात आणखी कुणी कर्णबधिर आहे का, लग्न झालं का, पगार किती. याला आगाऊपणा समजू नका. इथे माणसं सरळ विचारतात आणि सरळ सांगतात. ‘जाड झालास’ हेही तोंडावर सांगतील.

लक्ष वेधायचं असेल तर हात हलवा, किंवा खांद्यावर दोन हलक्या थापा मारा. टेबल ठोका, खोलीतला दिवा एकदा बंद-चालू करा. पाठीवर, डोक्यावर थाप नको. दोघं खुणा करत असतील आणि वाट त्यांच्या मधूनच असेल, तर थांबून माफी मागत बसू नका. मान किंचित खाली करून झटकन निघून जा. थांबलात की त्यांचं बोलणं तुटतं. कुणी खुणा करत असताना मोबाइलकडे बघणं हे ऐकणाऱ्यांच्या जगात कानात बोटं घालण्यासारखं आहे. नजर हातांवर नको, चेहऱ्यावर ठेवा, हात आपोआप दिसतात. उजेड समोरच्याच्या तोंडावर पडेल अशी जागा घ्या, खिडकीकडे पाठ करून.

रात्री सराफ्यात, इंदूरच्या खाऊबाजारात, ही मंडळी बघा. तिथे तुमचं मशीन सगळ्यात निकामी ठरतं: तव्यांचा खणखणाट, आरोळ्या, गर्दी. ऐकणारी माणसं एकमेकांच्या कानाशी ओरडत असतात. आणि दुकानांच्या झगझगीत उजेडात गल्लीच्या या बाजूचा त्या बाजूच्याशी आरामात बोलतो, आवाज आड येतच नाही. भुट्ट्याच्या किसाचा दोना हातात असेल तर तो आधी ओट्यावर ठेवला जातो, मग बोलणं. चालताना दोघं शेजारी चालतात, एकमेकांकडे बघतात आणि एकमेकांसाठी खांब, खड्डे, गाड्या बघतात. समोरच्याच्या मागे गाडी दिसली तर त्याला बाजूला ओढणं ही तुमची जबाबदारी आहे.

आता दोन सवयी मोडायच्या. एक, न कळता मान डोलावणं. ऐकणाऱ्यांत तिने वेळ मारून नेली असेल. इथे डोलावलेली मान म्हणजे ‘कळलं’, आणि समोरचा पुढे जातो. ‘पुन्हा’ची खूण करा. तीनदा करावी लागली तरी कुणी वैतागत नाही. दोन, खुणा करता करता बोलणं. मराठी किंवा हिंदी बोलायला लागलात की हात त्या भाषेच्या मागे धावतात, अर्ध्या खुणा गळतात, चेहरा बोलण्यात अडकतो. त्याहून वाईट म्हणजे खोलीत दुसरा ऐकू शकणारा असेल तर तुम्ही दोघं तोंडाने बोलू लागता आणि बाकीचे बाहेर पडतात. तुमच्या घरात तुम्हाला रोज जे होतं, ते इथे तुमच्या हातून दुसऱ्याला होतं. बैठकीत आवाज बंद. मशीनही बंद ठेवून बघा, डोळे लवकर तयार होतात. रस्त्यावर यायच्या आधी मात्र आठवणीने चालू करा.

व्हॉट्सॲपवर कुणाचं हिंदी तुटक वाटलं तर दुरुस्त करू नका. ते अनेकदा साइनच्या क्रमाने लिहिलेलं असतं. ‘मूक-बधिर’ हा शब्द सरकारी पाट्यांवर दिसतो, पण तुम्ही वापरू नका. भाषा असलेल्या माणसाला मुका म्हणणं त्याला लागतं.

फोनवाला व्हायचं की नाही

थोडं ऐकू येतं, बोलता येतं, हे कळलं की कामं येऊ लागतात: ‘बँकेत फोन कर’, ‘घरमालकाशी बोल’. मदत जरूर करा, पण नियम ठेवा. ज्याचं काम आहे तो समोर हवा. फोनवर जे बोललं जाईल ते सगळं त्याला सांगायचं, निवाडा त्याचा. ‘मी बघतो, तू बस’ हे म्हणायचं नाही. लहानपणापासून ते ऐकून ऐकून तो थकलेला असतो.

दवाखाना, पोलीस, कोर्ट इथे दुभाषा म्हणून उभं राहू नका. कारण साधं आहे: तुम्हालाच पूर्ण ऐकू येत नाही. ‘उनसठ’ आणि ‘उनहत्तर’, ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’, गोंगाटात यांतला फरक निसटतो. गोळीचं प्रमाण किंवा जबाबातली तारीख अशीच चुकते. प्रशिक्षित दुभाषा मागा. पोलिसांच्या कामासाठी इंदूरच्या तुकोगंज ठाण्यात कर्णबधिरांचं सहायता केंद्र आहे. लहानपणी हरवून पाकिस्तानात पोचलेली आणि २०१५ मध्ये परतलेली कर्णबधिर गीता इंदूरला राहत होती, तेव्हा तिच्या गावाच्या खाणाखुणा तिच्या हातांतून वाचून काढायला साइन नीट जाणणारी माणसंच लागली. हे अर्ध्या कानाचं काम नव्हे.

घरी परतल्यावर

कर्णबधिरांत चार संध्याकाळी घालवल्या की घरचं जेवणाचं ताट जास्त एकटं वाटू लागतं. दहा जण हसतात, तुम्ही विचारता, उत्तर येतं: ‘काही नाही रे, सोड, नंतर सांगते.’ ते नंतर येत नाही. बैठकीत हे वाक्य चालत नाही, कुणाचं निसटलं तर शेजारचा सांगतो. घरातही हाच नियम आणा. आईला, काकूला नेमकं सांगा: ‘सगळं नको, कोण काय म्हणालं आणि का हसले, एवढं एका वाक्यात सांग.’ गणपतीत वीस माणसं जमतात, तेव्हा शेजारी बसणारं एक माणूस आधीच ठरवा. एकावेळी एकानेच बोलावं हे फार टिकत नाही, पण बोलायच्या आधी हात वर करणं मुलं पटकन उचलतात. मोबाइलवर बोललेलं लिहून दाखवणारं लाइव्ह ट्रान्सक्राइब ॲप चालू करून मध्ये ठेवलात तर भाषा आधी निवडा. मराठी लावून हिंदी बोललं गेलं की पडद्यावर भलतेच शब्द येतात.

घरच्यांना पहिल्या महिन्यात पाचच खुणा शिकवा: ‘जेवायला’, ‘थांब’, ‘ये’, ‘कोण आलं’, ‘दुखतंय’. पाणी भरताना, स्वयंपाक करताना याच लागतात.

बैठकीत तुम्हाला खुणेचं नाव मिळेल. ते स्वतः ठरवायचं नसतं. कुणीतरी तुमच्या गालावरचा तीळ, हसण्याची लकब, चष्मा सरकवण्याची सवय पाहून देतं. महिना लागेल, कधी वर्षही. तोवर प्रत्येक नव्या माणसाला नाव अक्षरांनीच, सावकाश, हात छातीच्या उंचीवर ठेवून दाखवा.