कॅन्सर हाडात पसरलाय आणि दुखणं थांबत नाहीये? मग हे विचारून बघा

ब्रेस्ट, प्रोस्टेट, लंग, किडनी, थायरॉइड, यातला कुठलाही कॅन्सर हाडात गेला की घरचे धरूनच चालतात की आता दुखणारच, गोळ्या देत राहायचं. प्लीज असं करू नका. सुईने हाडातली गाठ जाळायचा किंवा गोठवायचा एक उपचार असतो. त्यातून कॅन्सर जात नाही हे खरंय, पण दुखणं बऱ्याच जणांचं खूप कमी होतं, तेही मोठी चिरफाड न करता.

आधी पेशंटला एका बोटाने दाखवायला सांगा, नेमकं कुठे दुखतंय. एक-दोन ठिकाणीच असेल तर याचा फायदा जास्त, अंगभर असेल तर कमी. मग ऑन्कोलॉजिस्टला सरळ विचारा, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टला (स्कॅनवर बघत सुईने उपचार करणारे डॉक्टर) दाखवू का? हे आपणहून विचारावं लागतं बरेचदा. सोबत रेडिएशनचंही विचारा, दुखण्यासाठी ८ ग्रेचं (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) एकच सीटिंगही देतात, फक्त फरक पडायला काही दिवस ते काही आठवडे लागतात.

करतात काय, तर सीटीवर बघत बघत सुई थेट हाडातल्या गाठीत घालतात आणि गाठ जाळतात (आरएफए) किंवा गोठवतात (क्रायो). क्रायोमध्ये आर्गॉन गॅसने सुईच्या टोकाभोवती बर्फाचा गोळा तयार होतो, तो सीटीवर दिसतो, त्यामुळे जवळची नस (नर्व्ह) बर्फापासून किती दूर आहे हे डॉक्टरांना कळत राहतं. मणका पोकळ होऊन खचत असेल तर त्यात बोन सिमेंट भरतात, आत जाताना टूथपेस्टसारखं असतं आणि थोड्याच वेळात कडक होतं. बरेच पेशंट त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी जातात. पहिले काही दिवस दुखणं उलट वाढू शकतं, तेव्हा घाबरू नका पण गोळ्या आधीच लिहून घ्या.

जाताना नुसता रिपोर्ट नको, एमआरआय-सीटीची सीडी न्या. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन असलं रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. आणि पेशंट पालथा झोपू शकतो का हे घरीच बघून ठेवा, मणक्याला बहुतेक वेळा पालथंच झोपवतात आणि भूल कुठली द्यायची तेही त्यावर ठरू शकतं.

झोलेड्रोनिक ॲसिडचं (हाडं मजबूत ठेवायचं औषध) इंजेक्शन सुचवलं असेल तर त्याआधी दात तपासून घ्या, दात काढायचा असेल तर तो आधीच काढलेला बरा, नंतर जबड्याच्या हाडाला त्रास होऊ शकतो.

पायातली ताकद गेली, बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, रात्र असली तरी तेव्हाच कॅज्युअल्टीत न्या.