जुन्या गोव्याच्या फेस्तात स्वयंसेवक म्हणून जाताय? या चुका टाळा

३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं, म्हणजे गोंयच्या सायबाचं फेस्त, म्हणजे वार्षिक सण. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. बेळगाव-सिंधुदुर्गाकडून माणसं पायी येतात, आम्ही वसईकर रेल्वेने करमळीला उतरतो, आणि या गर्दीत हिंदू भाविकही पुष्कळ असतात. इतक्या लोकांना वाट दाखवायला, पाणी द्यायला, हात धरून बसवायला स्वयंसेवक लागतात. मीही गळ्यात ओळखपत्र घालून तिथे उभा राहिलोय. पुढच्या काही चुका माझ्या हातून झाल्या आहेत, म्हणून त्या सांगाव्याशा वाटतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नेमून दिलेली जागा सोडणं. माझी जागा एका दोरीपाशी होती. आत जाणारी रांग एका बाजूला, बाहेर पडणारी दुसऱ्या बाजूला. कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घ्यायची वेळ झाली आणि मला राहवेना. शेजारच्याला "जरा बघ हं" म्हणून मी गेलो. तो स्वतःची बाजू सोडून माझ्या बाजूला येणार तरी कसा? मी परतलो तेव्हा बाहेर पडायच्या वाटेने माणसं आत शिरत होती आणि दोन रांगांच्या मध्ये एक आजी अडकून उभी होती. तिला काही झालं नाही, पण तिने माझा हात ज्या ताकदीने धरला ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मी माझी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, नोव्हेनाच्या दिवसांत ऐकतो, नाहीतर फेस्ताच्या दिवशी पहाटेची गाठतो. पुढचे तास दुसऱ्यांसाठी. जाणं अगदी भागच असेल तर बदली माणूस येऊन दोरी हातात घेईपर्यंत हलू नका.

दुसरी चूक, अंदाजाने रस्ता सांगणं. "चर्च कुठे?" असं कुणी विचारलं की आपण समोर बोट दाखवतो. तिथे चर्च एक नाही! रस्त्याच्या एका बाजूला बॉम जीझसची बॅसिलिका, दुसऱ्या बाजूला से कॅथेड्रल. ओळखायची सोपी खूण लोकांनाही सांगा: जांभ्या दगडाची, गिलावा नसलेली काळपट तांबडी इमारत ती बॅसिलिका, आणि पांढरी ती से कॅथेड्रल. घरच्यांशी चुकामूक झालेला माणूस फोनवर "मी चर्चसमोर आहे" एवढंच सांगत असतो. त्याला "काळ्या चर्चसमोर की पांढऱ्या?" हे सांगायला लावा, निम्मी शोधाशोध तिथेच थांबते. शौचालय, प्रथमोपचार, पणजीची बस आणि करमळी स्टेशनची वाट आदल्या दिवशी स्वतः पायी फिरून बघा. ठाऊक नसेल तर तसं म्हणा आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्यापर्यंत माणसाला नेऊन सोडा.

तिसरी चूक दर्शनाबद्दलची आहे आणि तिने मन दुखावतं. लांबून आलेल्या कित्येकांना वाटतं, फेस्ताच्या दिवशी सायबाचे पवित्र अवशेष जवळून बघता येतील. तसं नसतं. अवशेषांची चांदीची पेटी बॅसिलिकेत उंच संगमरवरी समाधीवर असते. ती खाली आणून से कॅथेड्रलमध्ये नेतात ती साधारण दर दहा वर्षांनी. गेल्या वेळचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला. हे रांगेच्या सुरुवातीलाच, हळू आवाजात सांगावं. चार तास उभं राहिलेल्या माणसाला टोकाशी गेल्यावर ते कळलं तर त्याचा हिरमोड होतो. आणि विचारणाऱ्याला ऐकीव गोष्टी रंगवून सांगू नका. सायबाला मरण आलं ते ३ डिसेंबर १५५२ रोजी, चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर. देह मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यात आला. उजव्या हाताचा भाग रोमच्या जेझू चर्चमध्ये आहे. इतकं पुरे.

आता उपासाबद्दल, कारण इथे माणसं खरोखर आजारी पडतात. कम्युनियनआधी एक तास काही खायचं नाही, हा नियम जुन्या पिढीला पक्का ठाऊक असतो. पूर्वी तो मध्यरात्रीपासूनचा होता आणि पाणीसुद्धा चालत नसे. त्यामुळे डिसेंबरच्या उन्हातही म्हातारी माणसं बाटली परत देतात, गोळी घेत नाहीत. आजच्या नियमात पाणी आणि औषधाने उपास मोडत नाही, आणि वृद्धांना, आजाऱ्यांना व त्यांची काळजी घेणाऱ्यांना तर हा उपास लागूच नाही. स्वयंसेवकाला हे ठाऊक हवं. "बाय, पाणी चालतं, फादरनाच विचारा हवं तर" म्हटलं की बाटली हातात राहते. मधुमेह असलेल्याला चक्कर आली तर गर्दीतून चालवत नेऊ नका. सावलीत तिथेच बसवा आणि प्रथमोपचारवाल्यांना बोलवा.

ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत एखादा हिंदू भाऊ भक्तीने उभा राहतो. त्याला सगळ्यांसमोर बाजूला काढणं मला अजिबात पटत नाही. हा प्रसाद कॅथलिकांसाठी असतो, हे रांग सुरू व्हायच्या आधीच नम्रपणे सांगावं. कुणी हातात घेऊन तसाच निघाला तर ओरडू नका, जवळच्या फादरना खूण करा.

"लवकर चला", "गेट बंद होतंय", "संपत आलं" हे शब्द तोंडातून काढू नका. मागच्यांच्या कानावर पडले की रेटा सुरू होतो. "सावकाश या, सगळ्यांना जागा आहे" एवढंच म्हणत राहा.

हरवलेलं मूल सापडलं तर त्याला कडेवर घेऊन आईला शोधत फिरू नका. आई त्याला त्याच जागी शोधत असते. तिथेच थांबा, आणखी एका स्वयंसेविकेला सोबत घ्या आणि मदत कक्षाला कळवा. "मी त्याचा काका" म्हणत कुणी आलं तरी मूल स्वतःहून सोपवू नका, ते काम मदत कक्षाचं आणि पोलिसांचं. तोवर मुलाशेजारी खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, आणि नाव विचारायच्या आधी थोडं पाणी द्या.