चोवीस डिस्कांचे एन्क्लोजर सर्व्हरला जोडण्यापूर्वी

सर्व्हरच्या पेटीत डिस्कांसाठी जागा उरली नसेल, तर त्या बाहेरच्या एन्क्लोजरमध्ये (डिस्कांसाठीच्या वेगळ्या पेटीत) बसवून एसएएस (सर्व्हरच्या डिस्कांसाठीच्या जोडणीच्या) केबलने जोडणे हा भरवशाचा मार्ग आहे. यूएसबीचे डबे स्वस्त मिळतात, परंतु त्यांतील चिप अनेकदा डिस्कचा खरा अनुक्रमांक पुढे कळू देत नाही आणि एखादी डिस्क अडखळली की सगळा डबाच तुटून पुन्हा जोडला जाऊ शकतो. अहोरात्र चालणाऱ्या साठवणुकीसाठी ते घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील तयारी ३.५ इंची २४ डिस्कांचे, स्वतःचा रेड कंट्रोलर (अनेक डिस्का एकत्र बांधणारे सर्किट) नसलेले एन्क्लोजर लिनक्स सर्व्हरला जोडून त्यावर झेडएफएस (अनेक डिस्कांचा एक साठा बनवणारी फाइल व्यवस्था) चालवायचे आहे, असे धरून लिहिली आहे.

आधी कार्ड पाहावे. बाहेरच्या बाजूला पोर्ट असलेले एसएएस एचबीए कार्ड (सर्व्हरला डिस्का जोडणारे कार्ड) लागते आणि ते आयटी मोडच्या फर्मवेअरवर असावे, म्हणजे डिस्का मध्यस्थाशिवाय थेट ऑपरेटिंग सिस्टिमला दिसतात. मदरबोर्डवरचा लांब पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट आतून खरोखर आठ लेनचा (डेटाच्या वाटांचा) आहे की चारच लेनचा, हे पुस्तिकेत वाचून घ्यावे. एलएसआय १०६८ई चिपची जुनी ३ गिगाबिटची कार्डे स्वस्तात मिळाली तरी ती २ टीबीपलीकडची डिस्क पूर्ण ओळखत नाहीत, म्हणून ती टाळावीत. एचबीए कार्डे रॅकमधल्या जोरदार हवेसाठी बनलेली असतात. सर्व्हर साध्या टॉवर पेटीत असेल तर कार्डाच्या हीटसिंकवर वारा येईल असा छोटा पंखा आधीच बसवावा.

केबल मागवताना दोन्ही टोके वेगवेगळी तपासावीत, कारण ६ गिगाबिटच्या साधनांवर बहुधा एसएफएफ-८०८८ आणि १२ गिगाबिटच्या साधनांवर एसएफएफ-८६४४ पोर्ट असतो, आणि नवे कार्ड व जुने एन्क्लोजर अशी जोडी असेल तर दोन टोकांना दोन प्रकार लागतात. एक केबल जादा मागवावी. वेगाचा हिशेबही इथेच करावा: एका केबलमध्ये चार लेन, ६ गिगाबिटने त्यांतून सेकंदाला सुमारे २,४०० मेगाबाइट जातात, आणि २४ डिस्का प्रत्येकी २०० मेगाबाइटने एकदम वाचू लागल्या तर मागणी ४,८०० ची होते. रोजच्या कामात हे जाणवत नाही, मात्र स्क्रब (सर्व डेटा वाचून तपासणे) किंवा पुनर्बांधणी (गेलेल्या डिस्कचा डेटा दुसऱ्या डिस्कवर पुन्हा तयार करणे) चालू असताना जाणवते. सगळे १२ गिगाबिटचे घेतले तरी साटा (साध्या संगणकातल्या जोडणीच्या) डिस्का ६ गिगाबिटनेच बोलतात, त्यामुळे एक्स्पांडरमध्ये (एक केबल अनेक डिस्कांना वाटणाऱ्या चिपमध्ये) बफरिंगची सोय नसेल तर अपेक्षित दुप्पट वेग मिळत नाही. एन्क्लोजरच्या दोन मॉड्यूलना (केबल जोडायच्या भागांना) दोन केबल जोडल्यास एसएएस डिस्क सिस्टिमला दोनदा दिसते, तेव्हा मल्टिपाथ (दोन वाटांनी दिसणारी डिस्क एकच धरणारी सोय) आधी चालू करावा. साटा डिस्कला मात्र एकच वाट असते.

विजेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपियर घेते, म्हणजे २४ डिस्का एकदम सुरू झाल्या तर ५७५ वॅटच्या आसपास भार त्या क्षणी येतो. एन्क्लोजर त्या टप्प्याटप्प्याने सुरू करते का, हे पाहावे आणि यूपीएस त्या भाराच्या हिशेबाने घ्यावा. सर्व्हर आणि एन्क्लोजर दोन्ही यूपीएसवरच असावेत. सुरू करताना आधी एन्क्लोजर, डिस्का स्थिरावल्यावर सर्व्हर; बंद करताना याच्या उलट. रिकामे एन्क्लोजर दोघांनी मिळून रॅकच्या तळाशी बसवावे आणि मग डिस्का घालाव्यात, कारण नुसत्या डिस्कांचेच वजन सोळा-सतरा किलो भरते.

डिस्का घेताना त्या एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) नाहीत, हे माहितीपत्रकात पाहावे. जुन्या स्टोरेज यंत्रणेतून निघालेल्या एसएएस डिस्कांचा सेक्टर (डेटा लिहिण्याचा तुकडा) ५२० बाइटचा असू शकतो. तो ५१२ चा करून घ्यावा लागतो, त्याला डिस्कमागे कित्येक तास जातात आणि मध्येच वीज जाऊन चालत नाही. काही नव्या साटा डिस्का जुन्या बॅकप्लेनवर (डिस्का खोचण्याच्या पाटीवर) फिरतच नाहीत, कारण वीजजोडाच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट मिळाले की त्या बंद राहतात; अशी डिस्क नादुरुस्त समजून परत पाठवण्याआधी हे तपासावे.

ही सारी तयारी ज्या दिवशी एखादी डिस्क मरेल त्या दिवसासाठी आहे, म्हणून ओळखपट्टीच्या कामात घाई करू नये. प्रत्येक डिस्क ट्रेमध्ये स्क्रूने बसवण्यापूर्वी तिच्या लेबलवरचा अनुक्रमांक आणि स्लॉट क्रमांक तक्त्यात लिहावा, आणि अनुक्रमांकाची शेवटची पाच अक्षरे छोट्या पट्टीवर लिहून ती ट्रेच्या दर्शनी कडेला, दिवा व हवेची जाळी झाकली जाणार नाही अशी चिकटवावी. काही एन्क्लोजरमध्ये मोजणी शून्यापासून होते, काहींमध्ये एकापासून. काहींत डावीकडून उजवीकडे, काहींत खालून वर. प्रत्येक स्लॉटचा दिवा सॉफ्टवेअरने लुकलुकवून तक्ता ताडून पाहावा. लिनक्सने डिस्कांना दिलेली एसडीए, एसडीबी ही नावे सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतात, तेव्हा पूल (डिस्कांचा एकत्र साठा) बांधताना बाय-आयडी फोल्डरमधली कायम नावेच वापरावीत. एक डिस्क गेलेली असताना शेजारची चांगली डिस्क चुकून उपसली जाणे हा अपघात या तक्त्यामुळे टळतो.

मांडणी म्हणून अकरा-अकरा डिस्कांचे दोन रेडझेड-२ (दोन डिस्का गेल्या तरी डेटा टिकवणारे) गट आणि दोन राखीव डिस्का मला योग्य वाटतात. त्याआधी प्रत्येक डिस्कवर स्मार्टची (डिस्कमधल्याच स्व-तपासणीची) दीर्घ चाचणी चालवावी. मोठ्या डिस्कला एक दिवस किंवा अधिक लागतो, पण सगळ्यांवर ती एकाच वेळी चालते. नंतर संपूर्ण डिस्क लिहून परत वाचावी आणि या काळात तापमान व लिंकवरच्या चुकांची मोजणी पाहत राहावे. एकाच केबलमागच्या अनेक डिस्कांवर चुका वाढत असतील तर आधी केबल बदलावी. पूल उभा राहिला की त्यावर बिनमहत्त्वाच्या फाइली भराव्यात, चालू स्थितीत एक डिस्क मुद्दाम काढावी, सूचनेचा मेल येतो का, तक्त्यातला स्लॉट बरोबर निघतो का आणि राखीव डिस्क जागा घेते का, हे पाहावे, आणि पुनर्बांधणी पूर्ण झाल्यावरच खरा डेटा हलवायला घ्यावा.