इ.स.पू. ३२९ ते ३२०: कोण कधी गेलं याची यादी करताना या चुका टाळा

सिकंदराच्या दशकात कोण कोण गेलं ही यादी सगळ्यांना सोपी वाटते, गुगल उघडतात, अर्ध्या तासात करतात आणि मग तपासायला माझ्याकडे पाठवतात. त्याच त्याच चुका बघून वैताग आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिली म्हणजे उलटे आकडे. इसवी सनापूर्वी ३२९ आधी येतं आणि ३२० नंतर, हे शाळेतल्या पोरालाही माहितीये, पण एक्सेलला माहीत नसतं ना! एका प्रदर्शनासाठी एका उत्साही मुलाने यादी एक्सेलमध्ये भरली (१९०० च्या आधीची तारीख एक्सेल तारीख म्हणून घेतच नाही, त्यामुळे नुसते आकडे), चढत्या क्रमाने सॉर्ट मारलं आणि कुणाला न दाखवता थेट फ्लेक्सवाल्याकडे. फ्लेक्स लागला तर सगळ्यात वर पेर्डिक्कस, म्हणजे सिकंदरानंतर कारभार हातात घेणारा आणि इजिप्तमध्ये स्वतःच्याच अधिकाऱ्यांनी मारलेला. त्याच्या खाली ३२३ ला बॅबिलोनमध्ये सिकंदर गेला, त्याच्याही खाली ३२६, झेलमची लढाई आणि घोडा ब्युसेफॅलसचा मृत्यू, आणि तळाला क्लायटस, सिकंदराचा सरदार, ज्याला त्यानेच ३२८ ला समरकंदला दारूच्या भरात भाला मारून संपवलं. एक आजोबा बराच वेळ बघत उभे होते, मग म्हणाले, "अहो, हा मेल्यावर लढला होय पोरसशी?" पोरगा म्हणतो, काका, डेटा करेक्ट आहे. होताच की करेक्ट!

मी एक वेगळा कॉलम ठेवतो, त्यात -३२९, -३२८ असं लिहितो, सॉर्ट त्यावर मारतो आणि छापायच्या आधी तो कॉलम उडवतो. उडवायचाच, कारण खगोलवाले शून्य वर्ष धरतात, त्यांचं -३२२ म्हणजे आपलं इ.स.पू. ३२३, आणि तिथून आकडा उचलून सिकंदराला एक वर्ष जास्त जगवणारे महाभाग मी बघितलेत.

वय काढताना नुसती वजाबाकी नको. सिकंदराचा जन्म ३५६ च्या जुलैचा, मृत्यू ३२३ च्या जूनमधला, म्हणजे ३३ पूर्ण झालीच नाहीत, ३२ लिहा.

दशकाची हद्द पाळा. इराणचा बादशहा तिसरा दारियस ३३० ला मारला गेला, तो मागच्या दशकात. सिकंदरामागे मॅसिडोनियाचा कारभार बघणारा अँटिपेटर ३१९, तो पुढच्या.

आता सिकंदराच्या मृत्यूच्या तारखेचं. कुणी १० जून लिहितं, कुणी ११, जुन्या पुस्तकांत १३, आणि घाईतला माणूस पहिली दिसेल ती उचलतो. ब्रिटिश म्युझियममध्ये बॅबिलोनची एक मातीची पाटी आहे, तिथले लोक रोज आकाशाची नोंद ठेवायचे, त्यात महिन्याच्या २९ तारखेला राजा वारला एवढंच लिहिलंय आणि पुढे ढगांची नोंद. बस! त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू व्हायचा, त्यामुळे ती २९ तारीख आपल्या १० जूनच्या संध्याकाळपासून ११ च्या संध्याकाळपर्यंत जाते. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क वेगळी तारीख देतो, पण तो ४०० वर्षांनंतर लिहीत होता. माझी सवय अशी की प्रत्येक नावापुढे "कोण सांगतंय आणि किती वर्षांनी" हे लिहायचं, कंटाळा आला तरी. मग ग्रीक तत्त्वज्ञ डायोजेनिस आणि सिकंदर एकाच दिवशी गेले असल्या गोष्टी आपोआप गळतात.

अथेन्सचं वर्ष उन्हाळ्यात बदलायचं, म्हणून ३२२/३२१ असं तिरप्या रेघेने दिसलं तर ती रेघ खोडू नका. ॲरिस्टॉटल आणि अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस दोघेही ३२२ चेच, एक खाल्किसला आजारपणाने, दुसरा कलाउरिया बेटावर देवळात विष घेऊन.

कॅलेनॉसला विसरू नका. भारतातून सिकंदरासोबत गेलेला संन्यासी, इराणात आजारी पडला आणि स्वतःहून चितेवर बसला.

राहिला पोरस. व्हॉट्सॲपवर त्याने झेलमकाठीच सिकंदराला मारलेलं असतं, नाहीतर सिकंदराने त्याला. दोन्ही खोटं. सिकंदर गेल्यावर सरदारांनी राज्य वाटून घेतलं तेव्हाही पोरस गादीवर होता, नंतर युडेमस नावाच्या सिकंदराच्या अधिकाऱ्याने त्याला दगा देऊन मारला आणि १२० हत्ती घेऊन ३१७ ला पश्चिमेकडच्या लढाईत उतरला. म्हणून मी पोरसला पुढच्या दशकात "सुमारे" लावून टाकतो, आणि त्यावरून दरवेळी कुणीतरी भांडायला येतंच.