शिट्टी गळ्यात अडकवण्याआधी

बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी झाल्यावर मला पहिलं काम मिळालं ते पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेवर. नोकरी म्हणायची ती म्हणायला. खरं तर एका संस्थेच्या प्रकल्पावर अकरा महिन्यांचं मानधन होतं, तेही तीन-तीन महिने लांबायचं. तरी गेलो, कारण डोक्यात सावरपाडा होतं. कविता राऊत तिथली, आमच्यापासून लांब नाही. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात खेळाचं काम करायला येणारा प्रत्येक जण मनात एकच हिशेब घेऊन येतो: एक कविता निघाली, दुसरी कुठेतरी असणारच. मीही स्टॉपवॉच घेऊनच आलो होतो.

या कामात नव्याने उतरणारी मुलं-मुली अधूनमधून फोन करून विचारतात, सुरुवात कशी करू. त्यांना पहिल्यांदा हेच सांगतो की स्टॉपवॉच सहा महिने पिशवीतच राहू द्या.

जुलैमध्ये मी शेजारच्या पाड्यावर सकाळी सहाला धावण्याचा वर्ग जाहीर केला. शाळेत न राहणाऱ्या, घरून येणाऱ्या मुलांसाठी. पहिल्या दिवशी चार जण आले, तिसऱ्या दिवशी एकही नाही. मी वैतागून पोलीस पाटलांकडे गेलो. ते भातलावणी चाललेल्या खाचरात उभे होते, गुडघाभर चिखलात. म्हणाले, "सर, आवणी चाललीय. पोरी पाणी भरून, गुरं सोडून शेतात उतरल्यात. दिवसभर वाकायचंय त्यांना. अन् तुम्ही त्यांना पळवता कशाला?" मला उत्तर सुचलं नाही. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं अंगमेहनत करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. या मुली त्याच्या कितीतरी पट रोज करत होत्या. त्यांना हालचाल नको होती, खेळ हवा होता. दोन्हींतला फरक बीपीएडच्या पुस्तकात मला कुठे दिसला नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट, शेतीचं वेळापत्रक पाठ करा. मेच्या आत राब (रोपांसाठीची जमीन) भाजून होतात, जुलैमध्ये नागली (नाचणी) आणि भाताची आवणी, भाद्रपदात थोडी उसंत, मग कापणी. दिवाळी झाली की निम्मी घरं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर जातात, काही वीटभट्टीवर. त्या काळात पाड्यावरचा संघ उभा करण्याचा हट्ट धरला तर हाती फक्त म्हातारी माणसं आणि कोंबड्या लागतात. आश्रमशाळेतली मुलं मात्र तिथेच असतात, त्यांच्यासाठी हाच हंगाम. प्रकल्पस्तर, विभागस्तर, राज्यस्तर अशी आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धांची साखळी आहे, शिवाय जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धा वेगळ्या. दोन्हींच्या तारखा जूनमध्येच भिंतीवर लावून टाका. प्रवेशिका उशिरा गेल्या म्हणून वर्ष वाया गेलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यातली एक चूक माझी होती.

आता रक्ताविषयी. हे जरा सविस्तर सांगतो, कारण आपण खेळाची माणसं इथेच कमी पडतो.

नववीतली एक मुलगी खो-खोमध्ये भन्नाट होती. खांब मारताना तिचा पाय मागे-पुढे कसा व्हायचा ते आम्हाला दिसायचंही नाही. पण दुसऱ्या डावात ती हमखास ढेपाळायची. मी आधी आळस समजलो, ओरडलोही. एकदा ती मैदानातच बसली, ओठ पांढरे पडलेले. उपकेंद्रातल्या सिस्टरनी तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या आत. त्या वयात बाराच्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि मी तिच्याकडून तीस-तीस मीटरच्या धावा काढून घेत होतो. त्या दिवशी माझ्या ओरडण्याची मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

त्यानंतर कुठल्याही मुलीला सरावाला घेण्याआधी मी आरोग्य तपासणीचं कार्ड बघतो. दर आठवड्याची निळी लोहगोळी नुसती वाटून भागत नाही, ती पोटात जाते का हे बघायला अधीक्षिका बाईंशी दोस्ती लागते. गोळी रिकाम्या पोटी दिली की मळमळतं, म्हणून मुली ती खिडकीबाहेर टाकतात. आमच्या वसतिगृहामागच्या गवतात निळे ठिपके दिसायचे. आम्ही गोळी जेवणानंतर द्यायला लागलो आणि त्यानंतरचा चहा तासभर पुढे ढकलला, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. ठिपके कमी झाले. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे जंतनाशक दिन, त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांची यादी मी स्वतः ठेवतो.

सिकलसेलचं, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं मात्र कधीही अंदाजाने घेऊ नका. नंदुरबार, गडचिरोलीत हा आजार ठाऊक असतोच, पण आमच्या कोकणा-भिल्ल वस्त्यांतही तो आहे. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली की पुढच्या तपासणीत मूल वाहक आहे की रुग्ण हे कळतं. वाहक मूल खेळू शकतं, पण त्याला उन्हात तहानलेलं पळवायचं नाही, ताण हळूहळू वाढवायचा आणि "दमलो" म्हणालं की थांबवायचं. रुग्ण मुलाचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही-मी नाही. आणि ही माहिती मैदानावर मोठ्याने उच्चारायची नाही. पुढे सोयरीक जुळवताना या कागदावरून मुली नाकारल्या जातात.

खाण्याबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं नाही तरी चालेल. शहरातून येणारे कार्यकर्ते प्रोटीन पावडरचे डबे आणतात. एका दात्याने आम्हाला चॉकलेटच्या चवीची खोकी पाठवली होती, मुलांनी ती दोन दिवसांत कोरडीच चाटून संपवली. इकडे शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या पासंगालाही नाही. घरोघरी नागलीची भाकर, उडदाचं भुजं, पावसाळ्यात कुर्डू, करटुली, फोडशी. पण मुलांनाच आता नागलीची लाज वाटते, काळी भाकर म्हणजे गरिबी असं त्यांना कुणीतरी शिकवलंय. मी सरावानंतर त्यांच्यासमोर बसून ती खायला लागलो. भाषण काही दिलं नाही. महिन्याभराने स्वयंपाकीण मावशी म्हणाल्या, "आता भाकरी उरत नाही, सर."

बुटांचंही तसंच. अनवाणी वाढलेल्या मुलांचे पंजे पसरट असतात. देणगीतले निमुळते बूट घालून आमच्या सहा मुलांच्या पायांना स्पर्धेच्या आदल्या दिवशी फोड आले, आणि ती अनवाणीच धावली. बूट मागायचे तर आधी पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घ्या, रुंदीसकट. आणि नवे बूट किमान तीन आठवडे आधी पायात हवेत.

खेळ कुठला निवडावा? मला खो-खोने तारलं. दोन खांब, फक्कीची आखणी, सत्तावीस बाय सोळा मीटर सपाट जागा, बस. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलांनी आणि मुलींनीही तो जिंकला. मुलींची कर्णधार महाराष्ट्राची, प्रियांका इंगळे. तेव्हापासून पालकांना समजावणं जरा सोपं झालंय. डोंगराळ पाड्यावर सत्तावीस मीटर सपाट जागा मिळणं हीच खरी स्पर्धा. आम्ही ती ग्रामसभेतून मिळवली. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी थेट मिळतो, त्याचं काय करायचं ते ग्रामसभा ठरवते. मैदान सपाटीकरणाचा विषय मी मांडला असता तर पडला असता. तो बचत गटाच्या बायांनी मांडला, कारण त्यांना लग्नासाठी आणि धान्य वाळवायला जागा हवी होती. मैदान झालं. अजूनही कापणीच्या वेळी तिथे भात पसरलेला असतो आणि आमचा सराव रस्त्यावर होतो. मला त्याचा राग येत नाही, म्हणजे आता येत नाही.

एक फजितीही सांगतो. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो, पावरीच्या सुरावर माणसं रात्र-रात्र नाचतात. मला वाटलं, सकाळच्या व्यायामाला हाच नाच घ्यावा, मुलं खूश, संस्कृतीही टिकेल. मोठ्या उत्साहाने एका वयस्कर भगतांना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते देवाचं आहे, पीटीचं नाही." मी निघालो तर मागून हाक मारली: "लग्नातला नाच घ्या. तो कुणाचाही आहे." तेव्हापासून आमचा वॉर्मअप लग्नातल्या नाचाचा आहे आणि त्यासाठी पोरं दहा मिनिटं आधी येतात. तुम्ही वारली वस्तीत तारप्याच्या किंवा गोंड वस्तीत ढेमशाच्या बाबतीत असं काही मनात आणाल तर आधी विचारा, आणि नकाराची तयारी ठेवून विचारा.

दारूबद्दल विचाराल तर मोहाची धार आणि गुटख्याची पुडी एका तागडीत टाकू नका. मोह देवाला चढतो, त्यावर बोलायचा अधिकार गावाचा. गुटख्यावर २०१२पासून राज्यात बंदी आहे, तरी टपरीवर मिळतो. त्यावर बोलायला मला कुणाची परवानगी लागत नाही. मुलांना मी एवढंच करून दाखवतो: पुडी खाणाऱ्याला "खो-खो-खो" असा दम न तोडता किती वेळ म्हणता येतं ते मोजायचं. स्टॉपवॉचचा पहिला उपयोग तिथे झाला.

आणि पदकं? २०१८च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टवर पोहोचली. आमच्या मुलांनी ती बातमी कापून भिंतीवर लावली होती, अजून आहे. अभिमान मलाही वाटतो. पण निधी देणारे दर तिमाहीला "किती खेळाडू राज्यस्तरावर?" असा रकाना पाठवतात, तेव्हा मी खाली हाताने आणखी एक रकाना आखतो: आठवीनंतर खेळत राहिलेल्या मुली. पहिल्या वर्षी त्यात तीन होत्या. पाळी सुरू झाली की मुली मैदानातून निघून जातात, आणि कारण बहुतेक वेळा साधं असतं: कपडे बदलायला आडोसा नाही, शौचालयाला पाणी नाही. मैदानाशेजारी दार लागणारी एक खोली आणि पाण्याची टाकी झाली त्या वर्षी तीनाच्या अकरा झाल्या.

ती खांब मारणारी मुलगी राज्यस्तरावर कधी गेली नाही. बारावी झाली, लग्न झालं, आता शेजारच्याच पाड्यावर असते. गेल्या मे महिन्यात बायांचा खो-खो ठेवला होता. एरवी त्या मैदानावर मेमध्ये पोरांचं टेनिसबॉल क्रिकेट असतं, पहिलं बक्षीस बोकड. ती पोराला सासूकडे देऊन, साडीचा कासोटा घालून उतरली. दुसऱ्या डावातही उभी होती. मी विचारलं, गोळ्या घेतेस का अजून? म्हणाली, "सर, तुम्ही आधी बाजूला व्हा, रेघेवर उभे आहात."