घरची दिवाळी, बेताच्या खर्चात : कंदील पिळतो, चकली विरघळते, लाडू बसतात… या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री साडेअकराला मी कढईसमोर झारा घेऊन उभी होते. तेलात पाच चकल्या सोडल्या होत्या, पण झाऱ्यात एकही येईना. नुसता भाजणीचा चुरा आणि तरंगणारे तीळ. घाईत मोहन (पिठात घालायचं कडकडीत तेल) दोनदा पडलं होतं आणि पीठ तर सगळंच मळून झालं होतं. सोऱ्यातून बोटभर तुकडा पाडून आधी तळून बघितला असता, तर अर्धा लिटर तेल गाळत बसायची वेळ आली नसती.

घरी केलं की स्वस्त पडतं, हे खरंच. पण एक घाणा फुकट गेला की ती बचत तिथंच संपते. कंदिलाचं, पणत्यांचंही तेच. सामान काही फार महाग नसतं, ते दुसऱ्यांदा आणावं लागतं तेव्हा महाग होतं. म्हणून कृती बाजूला ठेवून, कुठे बिघडतं आणि बिघडलं तर काय करायचं, तेवढंच लिहिते.

आकाशकंदील

चौकोन-त्रिकोणांचा जुना कंदील करायला मोजून 24 कामट्या (बांबूच्या पातळ पट्ट्या) लागतात. चार-चार कामट्यांचे 6 चौकोन बांधायचे आणि ते कोपऱ्याला कोपरा लावून जोडायचे. मधल्या जागांत 8 त्रिकोण आपोआप तयार होतात, ते वेगळे बांधायचे नसतात. 20 सेंटीमीटरच्या कामट्या घेतल्या तर कंदील साधारण 28 सेंटीमीटर उंच होतो. फ्लॅटच्या गॅलरीला तेवढा पुरे.

पहिली चूक कामट्या कापतानाच होते. एक कापली, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं करत गेलं की प्रत्येक वेळी केसभर फरक वाढतो आणि शेवटच्या कामट्या अर्धा सेंटीमीटर लांब निघतात. मग सहावा चौकोन काही केल्या बसत नाही. एकच कामटी मापाची म्हणून बाजूला ठेवा, तिला शाईची खूण करा आणि बाकीच्या 23 तिच्याशीच लावून कापा.

दुसरी तक्रार हमखास येते. सगळं जोडलं, सांगाडा हातात धरला, तर तो पिळतोय, दबतोय. यात तुमच्या गाठींचा दोष नाही. या आकाराचा स्वभावच तसा आहे. नुसत्या दोऱ्याने बांधलेला चौकोन एका बाजूला कलून पतंगासारखा तिरपा होऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक चौकोनाच्या दोन्ही कर्णांत दोरा ताणून बांधायचा. दोन्ही कर्ण सारखे भरले की चौकोन सरळ आहे असं समजा. 20 च्या कामटीला कर्ण 28 सेंटीमीटरच्या जरा वर येतो. वरच्या चौकोनात दोऱ्याऐवजी आडवी कामटी बांधली की तिलाच बल्बचा होल्डर टांगता येतो. आणि कागद लावायच्या आधी हे सगळं करा. कागद लावून झाल्यावर सांगाडा सरळ करायला गेलात की कागद फाटलाच.

कामट्या पुण्यात बुरूड आळीत मिळतात, इतर गावांतही बुरुडांकडे, म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपं विणणाऱ्यांकडे, विचारावं. छोट्या कंदिलांना खराट्याच्या काड्या चालतात, फक्त काडीचा बुडखा जाड आणि शेंडा बारीक असतो, तेव्हा मधला भाग वापरा.

कागद पतंगाचा. दुकानातला डिंक त्याला फार ओला पडतो. दोन चमचे मैदा कपभर पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवला की खळ होते. ती गार आणि दाट असावी, आणि लावायची ती कामटीला, कागदाला नव्हे. कागद ओला झाला की तो हातातच फाटतो. लावल्यावर सुरकुत्या राहिल्या तर ओरबाडू नका. खळ पूर्ण वाळली की लांबून पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. वाळताना कागद ताणून बसतो. रंग सुटणारा कागद असेल तर आधी कपट्यावर बघून घ्या, नाहीतर पांढऱ्या झिरमिळ्या गुलाबी होतात. (आमच्या झाल्या. मुलीने ‘मुद्दाम केलंय’ असं सगळ्यांना सांगितलं.)

वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा. आत जुना पिवळा बल्ब नको, तो कागद तापवतो. कमी वॉटचा एलईडी लावा आणि तोही मधोमध, कागदाला टेकता कामा नये. कंदील पागोळ्यांखाली टांगू नका. परतीचा पाऊस पंचांग बघून येत नाही.

थर्मोकोलचा विचार डोक्यातून काढून टाका. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्मोकोलवर 2018 पासून बंदी आहे.

पणत्या, रांगोळी, किल्ला

नवी पणती तशीच तेल घालून लावली की माती तेल पिते, पणती लवकर विझते आणि फरशीवर गोल डाग राहतो. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, दुसऱ्या दिवशी नीट वाळवा आणि मग रंगवा. रंग बाहेरूनच द्यायचा. आतून ऑइलपेंट लावलेली पणती वास मारते आणि काळी पडते. वात तेलात पूर्ण भिजवून घ्या, टोक जरासंच बाहेर ठेवा. लांब वातीने फक्त काजळी धरते आणि तेल उडतं. तेल वाचवायचं असेल तर काचेच्या ग्लासात पाणी, त्यावर दोन चमचे तेल आणि तरंगती वात. तेल संपलं की वात पाण्याला टेकून आपोआप विझते.

रंगाची रांगोळी महाग वाटते म्हणून हल्ली मिठात खायचा रंग मिसळून वापरतात. नागपूरच्या कोरड्या हवेत ते चालून जातं. मुंबईत, कोकणात संध्याकाळपर्यंत मिठाला पाणी सुटतं आणि मोराचा पिसारा उंबऱ्याकडे वाहू लागतो. पांढऱ्या रांगोळीतच रंग कालवा. खाली गेरूचा हात द्या म्हणजे रंग उठून दिसतो आणि कमी लागतो.

किल्ला ही दिवाळीतली सगळ्यात स्वस्त सजावट आणि सगळ्यात जास्त चिखलाची. तो ढासळतो, कारण मुलं नुसत्या मातीचा डोंगर करतात. आत विटा-दगड रचा, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट पसरा आणि मग मातीचा लेप. हिरवळीसाठी हळीव किंवा मोहरी टाकायची असेल तर वसुबारसेच्या निदान पाच-सहा दिवस आधी. सुट्टी लागल्यावर पेरलं की भाऊबीजेला कोंब दिसतात. आणि पाणी शिंपडायचं, तांब्याने ओतायचं नाही.

फराळ : आधी तळण्याचा क्रम ठरवा

तेल सगळ्यात जास्त वाया जातं ते उलट्या क्रमामुळे. आधी चकली तळली की तीळ आणि तिखट तेलात उतरतं, मग शंकरपाळ्याही तिखट लागतात आणि नवं तेल काढावं लागतं. आधी शंकरपाळे, मग करंज्या, मग शेव आणि शेवटी चकली. त्याच तेलात चिवड्याचे दाणे आणि खोबऱ्याचे काप परतून घेतले की संपलं. कढई पसरट नको. अरुंद, खोलगट कढईत निम्म्या तेलात काम होतं.

शंकरपाळे विरघळले तर तूप जास्त, कडक झाले तर तूप कमी किंवा पीठ फार मळलंय. दूध, साखर आणि तूप वाटी-वाटी गरम करून साखर विरघळवायची, पूर्ण गार करायचं आणि त्यात मावेल तेवढा मैदा. एक शंकरपाळा तळून बघा. सुटला तर पिठात मूठभर मैदा मिसळून पुन्हा बघा. अर्धी कणीक घातली तरी चव बिघडत नाही, रंग फक्त गडद येतो.

आता चकली. भाजणीचं घरोघरी चालणारं प्रमाण म्हणजे 4 वाट्या तांदूळ, 2 वाट्या हरभरा डाळ आणि उडीद-मुगाची डाळ एक-एक वाटी, वर धने-जिरे. सगळं एकत्र भाजणं ही पहिली चूक. तांदूळ आणि डाळी भाजायला वेगवेगळा वेळ लागतो, तेव्हा एक कच्चं राहतं आणि दुसरं करपतं. दुसरी चूक गिरणीत होते. आपल्या आधी कोणाची ज्वारी दळलेली असेल तर ती थोडी आपल्या डब्यात येते. ‘तांदळावर दळून द्या, बारीक’ असं सांगून उभं राहावं. गिरणीवाला वैतागतो, वैतागू दे.

उकड काढताना वाटीभर भाजणीला वाटीभर पाणी, पण हात जरा राखून. नंतर वाढवता येतं, काढता येत नाही. मोहन वाटीला एक मोठा चमचा. यानंतर बिघाड ओळखायचा तो असा.

सोऱ्यातून पडताना चकली तुटते : पीठ कोरडं. कोमट पाण्याचा हात लावून थोडं-थोडंच मळून घ्या. सगळं पीठ एकदम मळून ठेवलं तरी शेवटचं शेवटचं तुटायला लागतं.

काटे येत नाहीत : पीठ सैल.

तेलात विरघळते : मोहन जास्त. कोरडी भाजणी किंवा तांदळाची पिठी मिसळा. मी त्या रात्री वाटीभर पिठी घातली. चकल्या जरा पांढुरक्या झाल्या, पण झाल्या.

वरून लाल आणि दुसऱ्या दिवशी मऊ : आच मोठी, किंवा लवकर काढली. पिठाची गोळी तेलात टाकल्यावर लगेच उसळून वर आली तर तेल फार तापलंय. चकलीभोवतीचे बुडबुडे जवळजवळ थांबले की मगच काढायची, रंगाकडे बघून नाही. मऊ पडलेली चकली मंद आचेवर पुन्हा तळली की सुधारते.

आणि पन्नास चकल्या कागदावर पाडून मग तळायला बसू नका. वाळून तडकतात. कढईत मावतील तेवढ्याच पाडा.

बेसनाचे लाडू

सगळ्यात महाग सामान तूप, आणि तेच इथे हकनाक जातं. अर्धा किलो जाडसर बेसनाला पाव किलो तूप पुरतं. पण पहिली दहा-पंधरा मिनिटं बेसन कोरडंठाक, गोळ्या-गोळ्या होऊन कढईत फिरत असतं. हात दुखायला लागतो आणि माणूस आणखी दोन डाव तूप ओततो. थांबा. मंद आचेवर भाजत राहिलं की बेसन स्वतःच तूप सोडतं, सैल पडतं, उलथन्यावरून ओघळायला लागतं आणि शेजारच्यांना वास जातो. यात अर्धा तास सहज जातो. वरचं ओतलेलं तूप याच क्षणी आपला प्रताप दाखवतं आणि लाडू ताटात बसकण मारतात.

बसलेच, तर दोन-तीन चमचे बेसन कोरडं भाजून मिसळा. बऱ्याचदा तेही लागत नाही, मिश्रण नुसतं गार व्हायला हवं असतं. गरम बेसनात पिठीसाखर घातली की ती पाघळते आणि सगळं पातळ होतं. कोमट झाल्यावरच घाला. टाळ्याला चिकटू नयेत म्हणून भाजून होता होता दुधाचा हलका हबका मारतात. त्याने बेसन फसफसतं आणि रवाळ होतं. मारल्यावर ओलावा जाईपर्यंत परता, नाहीतर लाडवांना वास येतो.

चिवडा

पातळ पोहे आकसले तर आच मोठी होती. उन्हात तास-दोन तास वाळवून मंद आचेवर परता, मधलं बोट आणि अंगठा यांत चुरले गेले की झाले. चिवडा मऊ पडतो तो बहुतेक वेळा मिरचीमुळे. मिरच्या आणि कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत तळला नाही तर त्यांतला ओलावा डब्यात पोह्यांना लागतो. गरम चिवडा डब्यात भरून झाकण लावलं, तरी वाफेने तोच प्रकार.

एवढंही जमणार नसेल तर गोव्याकडे बघा. तिथे नरकचतुर्दशीला गुळातले, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले असे पोह्यांचे चार-पाच प्रकार करतात आणि दिवाळी व्यवस्थित होते. तळण नाही, सोऱ्या नाही.

अनारशांबद्दल काही लिहिलं नाही, कारण ते मी विकत आणते. दोन वर्षं ते माझ्या तुपात हसले, म्हणजे तळताना फुटून पसरले. तिसऱ्या वर्षी मी पीठच केलं नाही.